रक्त कोणाचे? हिपॅटायटिस बी लशीच्या इतिहासाविषयी

मराठीत ‘पांढरी कावीळ’ असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. वरवर पाहता तो वदतोव्याघातच म्हणायचा. कावीळ म्हणजे पिवळेपणा. डोळे पिवळे, नखे पिवळी, लघवी पिवळी, आणि म्हणीप्रमाणे काविळीच्या रोग्याला सारे जगच पिवळे. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडात हा पिवळेपणा रोग्याच्या अंगातून काढून पोपटांच्या अंगावर धाडणारे सूक्त आहे. आमच्या लहानपणी गावोगावी काविळीची माळ गळ्यात घालत. ती लांबत गेली की कावीळ उतरली असे मानले जाई. कोठे औषध देणारा रोग्याचे हात चुन्याच्या पाण्याने धुवी आणि पाणी पिवळे होताना नातेवाइकांना दाखवी. सूक्त काय, माळ काय, चुन्याचे पाणी काय, सर्वांची समजूत एकच : रंग गेला की रोग गेला.

मग जी कावीळ रंगच दाखवत नाही तिला काय म्हणायचे? लोकांनी तिला पांढरी म्हटले. हिपॅटायटिस बी या विषाणूमुळे होणाऱ्या यकृतदाहाला महाराष्ट्रात सर्रास हे नाव आहे. डॉक्टर मंडळी त्याला नाके मुरडतात, आणि शास्त्राच्या दृष्टीने त्यांचे बरोबरही असेल. पण नाव ठेवणाऱ्याने एक गोष्ट अचूक हेरली होती. या विषाणूचा दीर्घकालीन वाहक बहुधा पिवळा दिसतच नाही. तो वीस-तीस वर्षे धडधाकट हिंडतो-फिरतो, संसार करतो, आणि मग त्याच्या यकृताला सिरॉसिस किंवा कर्करोग झाल्याचे एके दिवशी कळते.

या विषयाकडे आम्ही वळलो ते मात्र शब्दाच्या कुतूहलाने नव्हे. तीन-चार वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेतर्फे रक्तदान शिबिर झाले. काही दिवसांनी द्वितीय वर्ष कला शाखेतला एक विद्यार्थी घडी घातलेला कागद घेऊन विभागात आला. रक्तपेढीने त्याला बोलावून सांगितले होते, की त्याचे रक्त कोणालाही देता येणार नाही आणि त्याने तज्ज्ञ डॉक्टरांना भेटावे. कागदावर एक लांबलचक शब्द होता. “सर, सरफेस अँटिजेन म्हणजे काय? मॅडम, हे एड्ससारखं असतं का?” आम्ही दोघेही मराठीचे प्राध्यापक, त्याला कागदाचा अर्थ सांगता येईना. ‘पृष्ठभागावरील प्रतिजन’ असे भाषांतर करून आम्ही त्याच्या हातात दुसरा एक अगम्य शब्द ठेवला. त्या ओशाळलेपणातून पुढचे वाचन झाले. हा मजकूर त्याच्या संमतीने, त्याचे नाव न देता लिहीत आहोत.

वाचत गेलो तसे ध्यानात आले, की या लशीचा इतिहास सहसा दोन-चार थोर संशोधकांच्या नावांनी सांगितला जातो. ते थोर आहेतच. परंतु ही लस आरंभीची काही वर्षे अक्षरशः माणसांच्या रक्तातून काढली जात असे, आणि तिच्यापर्यंत नेणारे ज्ञानही माणसांच्या रक्तातूनच आलेले आहे. ते रक्त कोणाचे होते, हा प्रश्न रूढ कथनात तळटिपेत जातो. आम्हांला तोच मुख्य संहितेत हवासा वाटला.

आरंभ एका उपरोधाने होतो. १८८३ साली जर्मनीतील ब्रेमेन शहरात जहाजबांधणीच्या कारखान्यातल्या १,२८९ कामगारांना देवीची लस टोचण्यात आली. त्या काळी ही लस माणसाच्या अंगावरील फोडांतल्या लशिकेपासून बनवत. पुढल्या काही महिन्यांत त्यांपैकी १९१ कामगारांना कावीळ झाली. लुरमान नावाच्या आरोग्य अधिकाऱ्याने १८८५ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. त्याचे निरीक्षण असे, की नंतर कामावर आलेल्या आणि ती लस न टोचलेल्या कामगारांपैकी कोणालाच कावीळ झाली नव्हती. म्हणजे दोष पाण्याचा नव्हता, हवेचा नव्हता. तो सुईतून आलेल्या मानवी द्रवाचा होता. रक्ताद्वारे पसरणाऱ्या काविळीचा हा पहिला नीट नोंदलेला दाखला. ज्या रोगावर पुढे लस निघाली, त्या रोगाची ओळख एका लशीनेच करून दिली!

ब्रेमेनचा धडा जग विसरले असावे. १९४२ साली अमेरिकी सैनिकांना पीतज्वराची लस देण्यात आली. ती टिकाऊ व्हावी म्हणून तिच्यात मानवी सीरम घातलेले होते. काही दात्यांच्या सीरममध्ये हा विषाणू होता. सुमारे पन्नास हजार सैनिक काविळीने रुग्णालयात दाखल झाले. कित्येक दशकांनी जुन्या सैनिकांचे रक्त तपासून जो अंदाज बांधला गेला त्यानुसार लागण झालेल्यांची संख्या सव्वातीन लाखांच्या वर होती. बहुतेकांना कसलाच त्रास झाला नव्हता, आणि त्यांच्यापैकी कायमचे वाहक झालेले फारच थोडे आढळले. ही शेवटची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावरच सारे फिरणार आहे.

१९४७ साली ब्रिटिश वैद्यक मॅक्कॅलम यांनी दोन काविळींना दोन अक्षरे दिली. दूषित अन्नपाण्यातून येणारी ती ‘ए’ आणि रक्तातून येणारी ती ‘बी’. अक्षरे मिळाली, विषाणू मात्र कोणी पाहिला नव्हता. तो प्रयोगशाळेतल्या पेशींवर वाढत नसे. मग तो वाढवायचा कशावर?

या प्रश्नाचे एक उत्तर न्यू यॉर्कच्या स्टेटन आयलंडवर देण्यात आले, आणि ते वाचताना आम्ही पुस्तक बराच वेळ मिटून ठेवले होते. तेथे विलोब्रुक स्टेट स्कूल नावाची बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची सरकारी संस्था होती. नाव शाळेचे, वास्तव कोंडवाड्याचे. सुमारे चार हजारांच्या जागेत सहा हजारांच्या आसपास मुले राहत. अस्वच्छता इतकी, की आत आलेल्या बहुतेक मुलांना लवकरच कावीळ होई. सॉल क्रुगमन हे बालरोगतज्ज्ञ १९५० च्या दशकाच्या मध्यापासून तेथे संशोधन करत होते. त्यांनी नव्याने येणाऱ्या काही मुलांना वेगळ्या, स्वच्छ विभागात ठेवून हेतुपूर्वक विषाणूची लागण केली. पालकांची संमतिपत्रे घेतली जात. पण १९६४ मध्ये जागेअभावी इतर विभागांतील प्रवेश बंद झाले, संशोधन विभागाचे दार तेवढे उघडे राहिले. मूल घरी सांभाळणे अशक्य झालेल्या आईने त्या कागदावर केलेल्या सहीला संमती म्हणायचे की आणखी काही?

क्रुगमन यांचा युक्तिवाद असा, की या मुलांना ही लागण तशीही होणारच होती. आमच्या विभागात ती देखरेखीखाली झाली. युक्तिवाद खोटा नाही, म्हणूनच तो अधिक अस्वस्थ करतो. संस्था अस्वच्छ आहे हे गृहीत धरले, की पुढचे सारे तर्कशुद्ध होते. संस्था स्वच्छ करावी हा विचार त्या तर्काच्या चौकटीबाहेर राहतो. हेन्री बीचर या वैद्यकाने १९६६ साली अनैतिक प्रयोगांची जी प्रसिद्ध यादी लिहिली तिच्यात विलोब्रुकच्या पद्धतीचा समावेश होता. १९७२ साली दूरचित्रवाणीने त्या संस्थेच्या आतली दृश्ये लोकांना दाखवली, आणि १९८७ मध्ये ती बंद झाली.

आणि तरीही विलोब्रुकमधून ज्ञान आले, हे नाकारता येत नाही. १९६७ साली क्रुगमन आणि सहकाऱ्यांनी दोन काविळी खरोखर दोन वेगळे रोग आहेत हे दाखवले. १९७१ साली त्यांनी वाहकाचे सीरम पाण्यात मिसळून मिनिटभर उकळले आणि ते टोचले. त्याने रोग झाला नाही, उलट काही प्रमाणात संरक्षण मिळाले. म्हणजे पहिली, ओबडधोबड लस ती हीच. १९८३ साली क्रुगमन यांना लास्कर पुरस्कार मिळाला. मुलांना क्रमांक होते. ज्ञान खरे असले की ते मिळवण्याची रीत आपोआप शुद्ध होते काय? वर्गात आम्ही शोकान्तिका शिकवतो तेव्हा अशा प्रश्नांना उत्तर नसते असे सांगून मोकळे होतो; येथे तसे मोकळे होता येत नाही.

याच काळात दुसऱ्या एका वाटेने, आणि खरे तर वाट चुकून, एक माणूस त्याच विषाणूपाशी पोहोचत होता. बरूच ब्लुमबर्ग यांना कावीळ शोधायचीच नव्हती. माणसामाणसांच्या रक्तातील प्रथिने आनुवंशिकतेने कशी वेगळी असतात, आणि त्यामुळे कोणाला कोणता रोग का होतो, हा त्यांचा विषय. त्यासाठी त्यांनी जगभरातून रक्ताचे नमुने जमवले होते. युक्ती साधी होती. ज्या माणसाला अनेकदा दुसऱ्यांचे रक्त चढवले गेले आहे त्याच्या शरीराने परक्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार केलेली असणार. तेव्हा त्याचे सीरम जगभरच्या नमुन्यांशेजारी जेलमध्ये ठेवून पाहायचे. जेथे दोघांची गाठ पडेल तेथे एक रेघ उमटते. १९६३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत हार्वे ऑल्टर यांच्यासह काम करताना न्यू यॉर्कमधील एका हिमोफिलियाच्या रोग्याच्या सीरमने अशी रेघ काढली. समोरचा नमुना होता ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी व्यक्तीचा.

रक्तातील वेगळ्या प्रथिनाला ते जेथे सापडले त्या ठिकाणाचे नाव देण्याची तेव्हा पद्धत होती. त्यानुसार या नव्या वस्तूचे नाव पडले ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’. आम्ही या नावाशी बराच काळ थबकलो. ज्याच्या रक्तात ते सापडले तो माणूस नावातून गळला आणि त्याच्या जागी अख्खा देश आला. तोही अशा माणसाच्या बाबतीत, ज्याच्या पूर्वजांनी त्या भूमीला हे नाव कधी दिलेच नव्हते. अलंकारशास्त्रात आधाराने आधेय सुचवण्याच्या या रीतीला लक्षणा म्हणतात, आणि आपण तिचे कौतुक करतो.

या प्रतिजनाचा अर्थ कळायला आणखी चार वर्षे लागली. तो रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्यांत अधिक आढळे, म्हणून आधी त्या रोगाशी त्याचा संबंध जोडला गेला. डाऊन सिंड्रोम असलेल्या, संस्थांत राहणाऱ्या लोकांतही तो अधिक आढळे. त्यांच्यापैकी एकाच्या रक्तात तो आधी नव्हता, नंतर दिसू लागला, आणि त्याच सुमारास त्या रोग्याला यकृतदाह झाल्याचे लक्षात आले. नंतर फिलाडेल्फियातील ब्लुमबर्ग यांच्या प्रयोगशाळेतील एक तंत्रज्ञ महिला आजारी पडली. तिने स्वतःचेच सीरम तपासले आणि रेघ उमटली. आनुवंशिक गुणधर्म म्हणून शोधलेली वस्तू रोगाची खूण निघाली. १९६७-६८ मध्ये हा संबंध पक्का होत गेला. जपानमध्ये ओकोची आणि न्यू यॉर्कमध्ये आल्फ्रेड प्रिन्स यांच्या स्वतंत्र कामाने त्याला बळकटी आली. रक्तपेढ्यांतील तपासणी येथूनच सुरू झाली. आमच्या विद्यार्थ्याच्या कागदावरचा तो लांबलचक शब्द म्हणजे हाच ऑस्ट्रेलिया अँटिजेन, नाव बदलून आलेला.

ब्लुमबर्ग यांना १९७६ साली नोबेल मिळाले. ऑल्टर यांना ते ४४ वर्षांनी, २०२० मध्ये, हिपॅटायटिस सीच्या कामासाठी मिळाले. ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस, २८ जुलै, आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

हा विषाणू शरीरात शिरला की आपल्या बाह्य आवरणाचे कण गरजेपेक्षा कितीतरी जास्त निर्माण करतो. वाहकाच्या रक्तात हे रिकामे कण अगणित तरंगत असतात. त्यांच्यात विषाणूचा गाभा नसतो, म्हणून ते रोग देत नाहीत. पण शरीराला शत्रूचा चेहरा मात्र दाखवतात. मग विषाणू वाढवण्याची गरजच काय? वाहकांचे रक्त घ्यावे, कण वेगळे करावेत, उरलासुरला विषाणू मारावा, की लस तयार. ब्लुमबर्ग आणि अर्विंग मिलमन यांनी १९६९ साली या कल्पनेच्या एकस्वासाठी अर्ज केला. मर्क कंपनीतील मॉरिस हिलमन यांनी ती प्रत्यक्षात आणली. पेप्सिन, युरिया आणि फॉर्मल्डिहाइड अशा तीन प्रक्रियांतून रक्तद्रव नेल्यावर त्यात कोणताही ज्ञात विषाणू जिवंत राहणार नाही अशी त्यांनी व्यवस्था केली.

ती लस पारखण्याचे काम केले वुल्फ श्मुनेस यांनी. या माणसावर एखादी कादंबरी कशी नाही, याचे आम्हांला नवल वाटते. ते वॉर्साचे ज्यू. नाझींच्या संहारात घरची माणसे गेली, ते स्वतः सोव्हिएत हद्दीत सैबेरियात होते. तेथेच टॉम्स्कला वैद्यक शिकले, पोलंडला परतले, आणि पत्नीला रक्त चढवताना कावीळ झाल्यावर याच रोगाच्या मागे लागले. १९६९ मध्ये तोही देश सोडून अमेरिकेत गेले आणि न्यू यॉर्क ब्लड सेंटरमध्ये रुजू झाले. लशीच्या चाचणीसाठी लागण वारंवार होते असा समाजगट हवा होता. न्यू यॉर्कमधील समलिंगी पुरुषांत ती फार होती. १९७८ च्या अखेरीस सुरू झालेल्या चाचणीत १,०८३ पुरुष स्वेच्छेने सामील झाले. निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतेच टोचणे. पुनःपुन्हा येऊन त्यांनी रक्त दिले. १९८० साली निष्कर्ष आला : लशीने लागण ९२ टक्क्यांपर्यंत घटली. विलोब्रुकच्या मुलांना विचारता आले नव्हते. येथे विचारले गेले, आणि समाजाने ज्यांना लाजिरवाणे ठरवले होते त्यांनी होकार दिला. या दोन प्रयोगांमध्ये जेमतेम दहा वर्षांचे अंतर आहे.

नोव्हेंबर १९८१ मध्ये लशीला अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याच वर्षी त्याच शहरांतल्या त्याच समाजात एक अनाम रोग दिसू लागला, ज्याला पुढे एड्स म्हटले गेले. ज्यांच्या रक्तापासून लस बनत होती त्यांच्याच रक्ताची आता भीती वाटू लागली. लशीनेच एड्स पसरवला अशी कंडीही पिकली. ती निराधार होती. हिलमन यांच्या प्रक्रियांत तो विषाणूही मरतो असे नंतर सिद्ध झाले. पण भीतीला सिद्धतेची वाट पाहायला सवड नसते. शिवाय तीन मात्रांना सुमारे शंभर डॉलर पडत. १९८६ साली यीस्टच्या पेशीत विषाणूचे एक जनुक घालून तेच आवरणाचे कण तयार करणारी नवी लस आली. जनुकीय तंत्राने माणसासाठी बनवलेली ही पहिली लस. आता रक्ताची गरज उरली नाही. या तंत्राची वैज्ञानिक कथा मोठी आहे, पण ती अन्यत्र पुष्कळ सांगितली गेली असल्याने येथे एवढेच पुरे.

खरा प्रश्न वेगळाच होता : ही लस द्यायची कोणाला? अमेरिकेने आरंभी डॉक्टर, परिचारिका आणि ‘जोखमीचे गट’ असे उत्तर दिले. त्याने साथीच्या आकड्यांत फारसा फरक पडला नाही. योग्य उत्तर तैवानमधून आले.

तैवानमध्ये प्रौढांपैकी पंधरा ते वीस टक्के लोक वाहक होते आणि यकृताचा कर्करोग घरोघरी माहीत होता. पामर बीस्ली आणि लु-यू ह्वांग यांनी १९७० च्या दशकात तेथील २२,७०७ सरकारी नोकरांच्या रक्ताची नोंद करून त्यांच्यावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवले. सरकारी नोकरच का? कारण त्यांचा विमा आणि मृत्यूची नोंद कागदावर असते, माणूस हरवत नाही. कारकुनी दप्तराचा इतका सदुपयोग क्वचितच झाला असेल. १९८१ साली त्यांनी प्रसिद्ध केले, की वाहकांना यकृताचा कर्करोग होण्याची शक्यता इतरांच्या २२३ पट आहे. तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांच्या नात्यापेक्षाही हे नाते कितीतरी घट्ट होते.

त्यांच्याच कामातून दुसरी गोष्ट स्पष्ट झाली. अशा देशांत माणूस वाहक होतो तो बव्हंशी जन्माच्या वेळी किंवा बालपणी, आणि पुष्कळदा आईकडून. प्रौढ वयात लागण झाली तर शंभरातले पाचही वाहक होत नाहीत. अमेरिकी सैनिकांचे तेच झाले होते. जन्मतः लागण झाली तर शंभरातले सुमारे नव्वद होतात. नवजात शरीर या परक्याला परका म्हणून ओळखत नाही आणि मग जन्मभर त्याला घरचाच समजते. त्यामुळे सगळा खेळ पहिल्या चोवीस तासांचा. आईला दोष देण्याचा येथे प्रश्नच नाही; तिलाही तिच्या आईकडून ते तसेच नकळत मिळालेले असते.

जुलै १९८४ पासून तैवानने वाहक मातांच्या नवजात बालकांना लस देणे सुरू केले आणि १९८६ पासून सर्वच बालकांना. सहा ते चौदा वयाच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण १९८१-८६ मध्ये लाखात ०.७० होते, १९९०-९४ मध्ये ते ०.३६ वर आले. चांग मेइ-ह्वेइ आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे आकडे प्रसिद्ध केले. लाखात पाऊण मुलाचे सुमारे अर्धे होणे ही गोष्ट आकड्यात बारीक दिसते. पण लस देऊन माणसाचा कर्करोग टाळता येतो, याचा हा पहिला पुरावा होता.

किमतीची अडचण मात्र होतीच. ज्यांना लस सर्वांत आवश्यक त्या देशांना ती परवडत नव्हती. येथे आल्फ्रेड प्रिन्स पुन्हा भेटतात. त्यांनी स्वस्तात बनणारी रक्तद्रवाचीच लस तयार केली, कोरियातील एका कंपनीने ती मोठ्या प्रमाणावर बनवली, आणि १९८६ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कृतिगटाने मात्रेला सुमारे एक डॉलर या भावाने ती मिळवून दाखवली. इंडोनेशियातील लोम्बोक बेटावर १९८७ पासून गावोगावच्या बाळांना ती देण्यात आली. श्रीमंत जग यीस्टकडे वळले असताना गरीब जगाचे काम जुन्या, रक्तातल्या लशीने सुरू केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९९२ मध्ये सर्व देशांना १९९७ पर्यंत ही लस बाललसीकरणात घेण्यास सांगितले.

भारतात १९९७ च्या ऑगस्टमध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने देशी बनावटीची लस बाजारात आणली. संस्थापक वरप्रसाद रेड्डी हे इलेक्ट्रॉनिक्सचे अभियंते; भांडवलाला ओमानच्या परराष्ट्रमंत्र्यांचा हातभार. आयात लशीची मात्रा कित्येक शे रुपयांना मिळे, ती आता त्याच्या लहानशा अंशात मिळू लागली. इतर भारतीय कंपन्याही उतरल्या. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून पुढे या लशीच्या, आणि ती ज्यात समाविष्ट आहे त्या पंचगुणी लशीच्या, मात्रा अनेक देशांत गेल्या.

आणि येथे आमच्या स्वतःच्या आठवणी सुरू होतात. २००० सालच्या आसपास आम्ही एम. ए. करत होतो. गल्लोगल्ली, मंगल कार्यालयांत, मंडळांच्या मांडवांत हिपॅटायटिस बीची लसीकरण शिबिरे भरत. फलकांवर लिहिलेले असे, की हा रोग एड्सच्या शंभरपट संसर्गजन्य आहे. सवलतीचे शुल्क भरून, रांगेत उभे राहून आम्ही तीनही मात्रा घेतल्या आणि पिवळे कार्ड जपून ठेवले. लोक-आरोग्य चळवळीतील काही मंडळी तेव्हा विचारत होती, की ही भीती कोण विकत आहे आणि ज्यांना लस खरोखर हवी ती बाळे या मांडवात आहेत कुठे? आम्हांला तेव्हा तो आडमुठेपणा वाटला होता. आज तैवानचे आकडे वाचल्यावर वाटते, की प्रश्न अगदी बरोबर होता. विशी ओलांडलेल्या आम्हांला लागण झाली असती तरी आम्ही बहुधा त्यातून बाहेर पडलो असतो. लस आमच्याकडे आली ती आमच्या खिशात पैसे होते म्हणून.

सरकारी कार्यक्रमात ती २००२-०३ साली काही निवडक जिल्ह्यांत आणि शहरांत प्रायोगिक स्वरूपात आली. २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत आणि २०११ पासून देशभर. तैवानने सर्व बालकांना लस दिली त्यानंतर पंचवीस वर्षांनी! देश मोठा, प्रसूती घरी, पैसा कमी ही कारणे खरी आहेत. तरी ज्या देशाचे कारखाने १९९७ पासून ही लस बनवत होते त्या देशाच्या नवजातांना इतका काळ थांबावे लागावे, हे पटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख आणि जगात २५ कोटी ४० लाख लोक या विषाणूसह जगत होते. जन्मतःची मात्रा जगातल्या निम्म्याहून कमी बालकांना मिळत होती. आफ्रिकेत तर पाचांतल्या एकालाही नाही.

आमचा विद्यार्थी २००४ साली, एका तालुक्याच्या गावाजवळ, घरी जन्मला. त्याच्या कागदानंतर डॉक्टरांनी घरातल्या सर्वांची तपासणी करून घेतली. आईच्या रक्तात तोच प्रतिजन निघाला. तिला कधीही कावीळ झाली नव्हती. वडिलांच्या रक्तात नव्हता. धाकटी बहीण २०१२ ची. ती ग्रामीण रुग्णालयात जन्मली, आणि तिच्या लसीकरणाच्या कार्डावर पहिल्याच दिवशीच्या रकान्यात परिचारिकेने तारीख घालून सही केली आहे. तिच्या रक्तात काहीही आढळले नाही. आई पुनःपुन्हा ते कार्ड पाहत होती, असे त्याने सांगितले. तिला त्या दिवशीचे टोचणे आठवत नव्हते. पोरगी खूप रडली होती, तेवढेच आठवत होते.

तो आता दर सहा महिन्यांनी सरकारी रुग्णालयात तपासणी करून येतो. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि गरज पडल्यास औषधे विनामूल्य आहेत. अजून त्याला औषधाची गरज पडलेली नाही. पुढच्या वर्षीच्या रक्तदान शिबिरात तो येणार नाही असे आम्ही धरून चाललो होतो. तो आला, आणि दारापाशी टेबल मांडून नोंदवहीत रक्तदात्यांची नावे लिहून घेत दिवसभर बसला.